खेळाडूवर मैदानाबाहेरचा आरोप झाला तर लीगने कोर्टाच्या निकालाची वाट बघावी का?

नाही. निदान हातावर हात ठेवून तरी बघू नये.

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. लीगने कोर्टाआधी कारवाई करावी का, जगभरातल्या लीग काय करतात, आणि त्या काळात खेळाडूचा पगार चालू ठेवावा का. मी सरळ मुद्द्यांवर लिहायला बसलो होतो. पण तुमच्या प्रश्नाखालची ओळ वाचली, "आरोप खोटा निघाला तर त्या खेळाडूच्या करिअरचं काय?", आणि हात थांबला. जवळजवळ याच शब्दांत हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी एका बैठकीत ऐकलंय. त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे.

मी तेव्हा एका हौशी क्रिकेट लीगचा सचिव होतो. बारा संघ, रविवारचे सामने, मानधन कुणालाच नाही. स्कोअरिंगला एक मुलगी यायची, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. ॲपवर स्कोअर चढवायची आणि वर वहीही ठेवायची, कारण एकट्या ॲपवर तिचा भरवसा नव्हता. वहीत प्रत्येक बॉलरला वेगळा रंग. बॅट्समनने त्या बॉलरला मारलेली धावही त्याच रंगात लिहायची, त्यामुळे डाव संपल्यावर पानावर नुसती नजर टाकली तरी कोणी कोणाला झोडपलंय ते कळायचं. बॅटिंगची आणि बॉलिंगची बेरीज जुळल्याशिवाय ती वही मिटायची नाही. अंपायर गाड्या काढून निघून गेलेले असायचे आणि ही कुठल्या ओव्हरमधला लेग बाय राहिलाय ते शोधत बसलेली असायची.

साखळीतला शेवटचा सामना झाला त्या रविवारी तिने वही जुळवली, पेनांची टोपणं लावली, पाऊचची चेन ओढली आणि माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "दादा, मला एक लेखी द्यायचंय."

स्कोअरशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणलं होतं. आमच्या लीगमधल्या एका खेळाडूने ग्रुपवरून तिचा नंबर घेतला होता आणि तीन आठवडे रात्री-बेरात्री मेसेज करत होता. तिने ब्लॉक केलं. आदल्या रविवारी सामन्यानंतर पार्किंगमध्ये त्याने तिच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, मनगट धरलं, आणि "बोलल्याशिवाय सोडणार नाही" म्हणत वीस मिनिटं अडवून ठेवलं. खाली तिने दोन नावं लिहिली होती. एक मैदानाचा माळी. दुसरा समोरच्या संघाचा विकेटकीपर. शेवटी किल्ली काढून दिली ती त्यानेच. मी कागद वाचत होतो तेव्हा तिने एकदाच विचारलं, "तुम्ही हे वहीत नोंदवून घेताय ना?"

खेळाडू म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात गुणी ऑलराउंडर. त्याचा संघ उपांत्य फेरीत पोहोचलेला.

शिस्तपालन समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष पेशाने वकील, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. दुसरे एक जुने खेळाडू. तिसरा मी. बैठक पाऊण तास चालली, त्यातली चाळीस मिनिटं सर बोलले. बाब मैदानाबाहेरची आहे. तिने पोलिसांत जावं. कोर्टाने दोषी ठरवलं तर आपण त्याच दिवशी त्याला काढून टाकू. तोवर कायद्याने तो निर्दोष. आणि मग ते वाक्य: "आरोप खोटा निघाला तर पोराच्या करिअरचं काय? पुढच्या महिन्यात त्याची निवड चाचणी आहे."

मी लिहिलं, "तक्रारीची नोंद घेण्यात आली. प्रकरण मैदानाबाहेरील व वैयक्तिक स्वरूपाचे असल्याने पुढील कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही." खाली तीन सह्या. तिसरी माझी.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माळी खिडकीबाहेर पन्नास पावलांवर पिचला पाणी मारत होता. पाइपचा आवाज आत ऐकू येत होता. खिडकीतून नुसती हाक मारली असती तरी तो आला असता. आमच्यापैकी कोणीही मारली नाही.

तिने फोनवर विचारलं, "रविवारी येऊ का नको?" मी म्हणालो, "ये तू, मी आहे तिथे." ती आली. उपांत्य सामन्यात त्याने ६४ केल्या. त्या ६४ धावा तिच्या अक्षरात आहेत. मी बराच वेळ तिच्या खुर्चीमागे उभा होतो, त्याच्या नावापुढच्या रकान्यात एक, चार, एक, दोन असं ती लिहीत होती, आणि अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. वही जुळली. अंतिम सामन्याला ती आली नाही. "दादा, वही तुमच्याकडेच ठेवा" एवढा मेसेज आला. वही माझ्याकडेच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

"कोर्टाचा निकाल लागू दे" म्हणणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो: कोर्टात खटला आहे. बहुतेक वेळा नसतोच. तक्रार करणारी व्यक्ती पोलिसांपर्यंत जात नाही, गेली तर आरोपपत्र होत नाही, झालं तर वर्षं लागतात. आणि कोर्ट जो प्रश्न सोडवतं तो लीगचा प्रश्नच नसतो. माणसाला तुरुंगात टाकायचं तर गुन्हा संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो, आणि तसंच असायला हवं. लीगपुढचा प्रश्न लहान आहे: आमची जर्सी घालून, आमच्या लोकांमध्ये, या माणसाने आत्ता वावरावं का? त्यासाठी लीगचे स्वतःचे नियम असतात आणि खेळाडूने करारात ते मान्य केलेले असतात.

बेन स्टोक्सचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलमधल्या नाइटक्लबबाहेर मारामारी झाली. त्याला त्या हिवाळ्यातल्या ॲशेसला नेलं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे सरांच्या हिशोबाने विषय संपला. पण डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या शिस्तपालन आयोगाने खेळाची बदनामी केल्याबद्दल त्याला ८ सामन्यांची बंदी आणि ३०,००० पौंड दंड केलाच. दरम्यान हुकलेले सामने मोजून बंदी भोगून झाल्याचं धरलं. कोर्टाने गुन्हा नाही म्हटलं, आयोगाने वर्तन शोभणारं नव्हतं म्हटलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि त्या निकालानंतर स्टोक्सचं करिअर कुठे गेलं ते तुम्हाला माहीत आहे.

या बाबतीत मला सगळ्यात स्वच्छ धोरण अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचं वाटतं. २०१५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून ते केलं. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार आणि बालकांवरचे अत्याचार एवढ्यासाठीच. आरोप आला की आयुक्त खेळाडूला सुरुवातीला ७ दिवसांपर्यंत पगारी रजेवर ठेवू शकतो, लीग स्वतः तपास करते, शिक्षेसाठी कोर्टात दोष सिद्ध व्हायची अट नाही, आणि खेळाडूला त्रयस्थ लवादाकडे दाद मागता येते. या धोरणाखाली पहिली शिक्षा अरोल्डिस चॅपमनला झाली, २०१६ मध्ये, ३० सामन्यांची. त्याच्यावर फौजदारी आरोपच ठेवले गेले नव्हते. ट्रेव्हर बावरला आयुक्तांनी २०२२ मध्ये ३२४ सामन्यांची बंदी घातली, लवादाने ती १९४ वर आणली. बावरने आरोप कायम नाकारले, फौजदारी खटलाही भरला गेला नाही. तुम्ही त्या शिक्षेशी सहमत असा वा नसा, पण तिथे कोणीतरी विचारपूस केली, कोणीतरी बाजू ऐकली, आणि वरच्या माणसाने खालच्याचा निर्णय बदलला. यंत्रणा म्हणतात ती ही.

उलट विचारपूसच केली नाही तर काय होतं? एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिथल्या रे राइसचं काय झालं बघा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका कसिनोत त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारलं. बेशुद्ध पडलेल्या तिला तो लिफ्टमधून ओढत बाहेर काढतोय, हा व्हिडिओ त्याच महिन्यात सगळ्या जगाने पाहिला. जुलैत लीगने त्याला शिक्षा केली: २ सामने. मग ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला, आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढलं, लीगने बेमुदत निलंबित केलं. आत काय घडलं असेल हे दाराबाहेरचं दृश्य बघून कळत नव्हतं का? एफबीआयचे माजी संचालक रॉबर्ट म्यूलर यांना नंतर चौकशीला नेमलं. लीगकडे आतला व्हिडिओ आधी पोहोचल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही, पण तो मिळवण्यासाठी लीगने जेवढं करायला हवं होतं तेवढं केलं नाही असं त्यांनी नोंदवलं. आणि नोव्हेंबरमध्ये एका माजी न्यायाधीशांनी लवाद म्हणून ते बेमुदत निलंबनही रद्द केलं, कारण राइसने लीगपासून काही लपवलं नव्हतं आणि एकाच कृत्याची दुसऱ्यांदा शिक्षा देता येत नाही. म्हणजे आधी दुर्लक्ष, मग घाबरून अतिरेक, मग तोही टिकला नाही. राइस त्यानंतर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही, पण तो लीगचा न्याय नव्हता, व्हिडिओचा होता.

आमच्याकडे तर व्हिडिओचीही गरज नव्हती. माळी होता.

आपल्या क्रिकेट बोर्डाची दोन प्रकरणं मला कायम शेजारी शेजारी आठवतात. मार्च २०१८ मध्ये मोहम्मद शमीवर त्याच्या पत्नीने घरगुती छळाचे आरोप केले, सोबत एक पैशाच्या व्यवहाराचाही आरोप होता. शमीने सगळे नाकारले. बोर्डाने करार रोखून धरला, भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून फक्त त्या पैशाच्या मुद्द्याची चौकशी करवली, त्यात काही निघालं नाही, आणि दोनेक आठवड्यांत ब श्रेणीचा ३ कोटींचा करार दिला. घरातल्या आरोपांचं पोलीस बघतील. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात बायकांबद्दल वाटेल ते बोलले, तर आठवड्याच्या आत दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं, आणि पुढे बोर्डाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. शमी दोषी होता असं मी म्हणत नाही, मला तसं म्हणायचा अधिकारही नाही. मी एवढंच म्हणतो की फिक्सिंगचा संशय आला की बोर्डाला चौकशी करता येते, टीव्हीवर शब्द ऐकले की शिक्षा करता येते, आणि एखादी बाई "मला मारलं" म्हणाली की तेच लोक म्हणतात हे आमचं काम नाही. काम कुठलं आपलं, हे तुम्हीच ठरवता ना?

सर मला नेहमी म्हणायचे, "तू भावनेच्या भरात बोलतोस." म्हणून खोट्या आरोपाच्या मुद्द्यावर भावना बाजूला ठेवून लिहितो.

हा मुद्दा खरा आहे. दनुष्का गुणतिलकाला २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकादरम्यान सिडनीत अटक झाली, श्रीलंकेच्या बोर्डाने त्याला लगेच निलंबित केलं, सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं आणि त्यानंतर निलंबन उठलं. जवळजवळ एक वर्ष गेलं. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधला जॅक डी बेलिन त्याहून जास्त काळ बाहेर होता. तिथे २०१९ मध्ये नियम केला, की ज्या गुन्ह्याला कमाल ११ वर्षं किंवा जास्त तुरुंगवास आहे त्याचा आरोप पोलिसांनी ठेवला की खेळाडू आपोआप बाजूला. पगार पूर्ण चालू, सराव चालू, फक्त सामने नाहीत. आणि यात दोषाचा काहीही निष्कर्ष काढलेला नाही, असं नियमातच लिहिलेलं. डी बेलिन त्याविरुद्ध फेडरल कोर्टात गेला आणि हरला. मग दोनदा खटला चालला, ज्युरीचं एकमत होईना, आणि मे २०२१ मध्ये सरकारी पक्षाने उरलेले आरोप मागे घेतले. तो परत खेळायला लागला, पण दोन अख्खे हंगाम गेले ते गेलेच. हे नुकसान मी नाकारत नाही.

तरी मला तो नियम पटतो, कारण तो खेळाडूचं नाव बघत नाही. उपांत्य फेरी आहे की साखळी, तो ऑलराउंडर आहे की बारावा खेळाडू, हे तिथे कोणी विचारत नाही. उंबरठा आधीच आखलेला. आमच्याकडे तो बारावा खेळाडू असता तर सरांनी त्याच दिवशी त्याला हाकललं असतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय, आणि त्यावर ते गप्प बसले होते.

आणि सर, तुम्ही हे वाचलंत तर, अजून एक. आपण त्या मुलालाही बोलावलं नाही. तिला विचारलं नाही, माळ्याला नाही, कीपरला नाही, आणि ज्याच्या करिअरची एवढी काळजी होती त्यालाही नाही. त्याचं म्हणणं वेगळं असेल कदाचित. मला आजही माहीत नाही, कारण ते ऐकायची जागा आपणच बंद केली. मैदानावर सगळ्यांना कुणकुण होतीच. तो आजही खेळतो आणि त्याच्या पाठीमागे लोक आजही बोलतात. चौकशी झाली असती आणि तो निर्दोष ठरला असता, तर तेवढं सांगायला एक कागद तरी त्याच्या हातात असता. तुम्ही त्याला वाचवलंत असं तुम्हाला वाटतं. मला वाटत नाही.

पगाराबद्दल थोडक्यात, कारण इथे माझं मत अनेकांना आवडत नाही: चौकशी संपेपर्यंत पगार द्यावा. मँचेस्टर सिटी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने आपल्या बेंजामिन मेंडीवर ऑगस्ट २०२१ मध्ये आरोप आल्यावर त्याला बिनपगारी निलंबित केलं. २०२३ मध्ये तो सगळ्या आरोपांतून सुटला, कामगार न्यायाधिकरणात गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने थकलेल्या पगारापैकी बहुतांश रक्कम त्याला द्यायला सांगितलं. दावा १ कोटी १० लाख पौंडांहून मोठा होता. पगार थांबवणं ही शिक्षा आहे, आणि शिक्षा चौकशीनंतर. बाजूला बसवणं ही खबरदारी आहे, ती आधी. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मी भांडणं मिटतात.

पण शिक्षा झाल्यावर ती लागली पाहिजे. क्लीव्हलँडच्या एनएफएल संघाने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनशी ५ वर्षांचा, २३ कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार केला, तेव्हा त्याच्यावर वीसहून जास्त महिलांचे दिवाणी दावे चालू होते. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले नव्हते आणि तो सगळं नाकारत होता. करारात पहिल्या वर्षाचा मूळ पगार मात्र सुमारे १० लाख डॉलरच ठेवला. निलंबनात बुडतो तो मूळ पगार. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून नेमलेल्या माजी न्यायाधीशांनी ६ सामने दिले, लीगने अपील केलं, शेवटी ११ सामने आणि ५० लाख डॉलर दंडावर तडजोड झाली. पगाराच्या बाजूने त्याचं काय बुडालं ते तुम्हीच काढा. नियमाला कशी बगल द्यायची हे संघांना चांगलं कळतं, म्हणून लीगने फक्त खेळाडूकडे बघून भागत नाही, करारावर सही करणाऱ्याकडेही बघावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हौशी लीगला एनएफएलसारखे तपासनीस परवडत नाहीत. फौजदारी गुन्ह्यात लीगच्या चौकशीने पोलिसांच्या कामात ढवळाढवळ होऊ शकते, साक्षीदार बिथरू शकतात. पोलिसांत तक्रार असेल तर लीगने साक्षी घेत बसू नये, फक्त खेळाडूला बाजूला ठेवावं. आणि तक्रारदाराला "तू पोलिसांत जाच" असं ढकलायचंही नाही. तो तिचा निर्णय.

दुसऱ्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी एक पानाचा ठराव मांडला. लेखी तक्रार आली की ७ दिवसांत चौकशी सुरू. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या संघाशी संबंध नसलेली तीन माणसं, त्यात किमान एक बाई. तक्रारदार, खेळाडू आणि दोघांनी दिलेले सगळे साक्षीदार, प्रत्येकाला बोलवायचंच. तोवर खेळाडू मैदानावर नाही, सामना कुठलाही असो. निकाल दोघांना लेखी. सरांनी विरोधात भाषण केलं आणि ठराव ७ विरुद्ध ५ ने पडला. पुढच्या वर्षीही पडला. त्यानंतर मी सचिवपद सोडलं, पण एका संघाचा प्रतिनिधी म्हणून मत अजून आहे. माळी निवृत्त व्हायच्या आधी मी एकदा त्याला विचारलंच, त्या दिवशी काय पाहिलंस. त्याने सगळं सांगितलं, किल्ली कुठल्या हातात होती ते सुद्धा. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही बोलवाल."

यंदाची सभा पुढच्या महिन्यात आहे. ठराव पुन्हा टाकलाय, आणि या वेळी अनुमोदक म्हणून त्या विकेटकीपरची सही आहे.